बाबांची मरळ

वरठी, रविवार संध्याकाळ

बाबा गोसीखुर्द धरणावरून आले ते बादलीत जिवंत मरळ घेऊन. मी खूश, आज रस्सा! तर म्हणतात, "तुया मासोयीले सोबत आणली, टाक काचेत." माझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातली मरळ? ती मरेल, आणि त्याआधी माझा नारिंगी मासा गिळेल. कसंबसं समजावलं.

मग बाबा टाकीसमोर बसले, प्रवाळ डोलताना बघत, चहा गार होईपर्यंत. "खायचा नाही त मासा कायले पोसून राहिला?" म्हणणारे हेच ना? जीव सुखावला माझा.

तेवढ्यात बायको मसाला वाटून बादली न्यायला आली. बाबा आडवे आले, "थांब सूनबाई, ते माह्याकडे पाहून राहिली ना!"

मसाल्यात शेवटी वांगी गेली. मरळ बाथरूममध्ये बादलीत आहे. आणि मला ताकीद, "आंघोळीले साबन नोको लावू, तिच्या डोयात जाईन."