क्लोरीन आणि पहिला जीव

आई, काल अकोल्याच्या कॉलेजात माझं व्याख्यान झालं. पहिल्याच रांगेत तुझी धाकटी बहीण, आपली मावशी, मांडीवर डबा घेऊन बसलेली; अचलपूरहून सकाळच्या एसटीने खास आली होती. पृथ्वीवर पहिला जीव घडताना क्लोरीनसारखी मूलद्रव्यं जोडलेल्या कार्बनी संयुगांचा हातभार लागला असेल का, हा माझा विषय. ज्वालामुखीचे वायू, खारट समुद्र, कडाडणाऱ्या विजा, सगळं मी रंगवून सांगितलं. प्रश्न विचारा म्हटलं तर पोरं गप्प, आणि मावशी उभी. "तुही माय त जलमभर इहिरीत पावडर टाकून जंतू मारे. आन तू म्हनतं, त्याच क्लोरीननं जीव आनला. मंग खरं काय?" हॉलभर हशा पिकला. मी मात्र गांगरले. चारचौघांत तुझंच काम खोडून काढल्यासारखं वाटलं मला.

आणि मी एकदम लहानपणच्या, धारणीकडच्या त्या विहिरीवर पोचले. शाळेला सुट्टी आहे, म्हणून तुझ्या दवाखान्याच्या जीपमधून मीही आलेय. गावात जुलाबाची साथ आहे. तू विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकलीस आणि आता वासामुळे कुणी घागर बुडवायला तयार नाही. "नर्सबाईनं इहीर नासवली," एक म्हातारी म्हणते. तू चिडत नाहीस. थोडा वेळ जाऊ देतेस, मग पाणी शेंदून तांब्या भरतेस. "पा, मीच पिऊन राहिली. पडली त उचलाले या." घटाघटा पितेस आणि असं तोंड वाकडं करतेस की म्हातारीच आधी हसते, मग घागर पुढे करते. परतताना मी विचारलं, जंतू मरतात तर आपण कावून नाही मरत? तू म्हणालीस, "मले काय मालूम? तू शिक, मंग मले सांग." मी शिकत होते तेवढ्यातच तू गेलीस.

म्हणून काल मावशीला जे सांगितलं, ते तुलाही सांगते. पावडरीतलं क्लोरीन पाण्यात मोकळं होतं, दिसेल त्यावर तुटून पडतं; इवल्या जंतूला तेवढं पुरतं, आपल्या पोटात मात्र ते थोडंसं लगेच खर्ची पडतं. कार्बनला जोडलेलं वेगळं. ते आपली जागा सहज सोडतं, तिथे दुसरं काही येऊन जुळतं, आणि असे लहान रेणू मोठे होत गेले असतील. अशी साधी संयुगं धूमकेतूतही सापडलीत. पण जीव असाच घडला, हे अजून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मावशीनं मान डोलावली. "म्हनजे मोकाट असलं त मारते, जुपलं त कामाले येते. बैलावानी." मी म्हटलं, जवळपास तसंच. मग पोरांची भीड चेपली आणि प्रश्न इतके आले की शिपाई दोनदा दारात येऊन गेला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून कबूल करते. टाळ्यांच्या भरात शेवटी मी माइकवर म्हणाले, "माझ्या आईला हे नक्की पटलं असतं." तुला पटलं असतं की नाही, मला काही ठाऊक नाही. तू बहुतेक म्हणाली असतीस, "पयला जीव झाला तवा तू होती का तिथं?"