चढावर संपणारे रूळ

आणि पप्पा, त्या सायडिंगचं तर राहिलंच. परवा तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी बोगदे सांगितले, दरीवरचे पूल सांगितले, गाडी जिथे उलट्या दिशेने निघायची ते जुनं स्टेशनही सांगितलं. आई म्हणाली, "अगं, जन्मभर घाटात पॉइंट्समन होते ते. त्यांना काय शिकवतेस?" पण रविवारी दादरच्या एका हॉलमध्ये बोरघाटाची रेल्वे कशी बांधली यावर मला तासभर बोलायचंय. सगळं पाठ आहे, फक्त सायडिंगशी आले की अडकते.

तुम्ही मला एकदाच तुमच्या केबिनमध्ये नेलं होतं, मी चौथीत होते. खंडाळ्याकडून मालगाडी उतरतेय, आणि मी बघते तर तिच्यासमोरचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, मेन लाइनला नाहीच, बाजूच्या रुळांना लावलेला. ते रूळ, म्हणजेच सायडिंग, चढावर जातात आणि संपतात. ब्रेक गेलेली गाडी तिकडे वळणार, चढावर दमून थांबणार. ही गाडी नीट उभी राहिली, तरी तुम्ही घड्याळ बघत बसलात. "थांबली ना, सोडा की आता!" मी म्हटलं. "थांबली असा वाटता गो. थांबान रवता काय, ता बघूचा." मग लिव्हर ओढून सांधा मेन लाइनला लावलात. निघताना बोगद्याच्या तोंडाशी सापडलेला एक काळा दगड मला दिलात, त्यावर बोटाएवढी गोल, लांब खाच. कड्यावर दोरीला लटकून कोणीतरी हाताने पाडलेलं सुरुंगाचं भोक, त्याची अर्धी बाजू. "त्याचा नाव खय लिवलेला नाय," तुम्ही म्हणालात. "पण बोट घाल, कळतला."

मग शाळेच्या एक्झिबिशनसाठी आपण किचनमध्ये घाट केला. मैद्याची खळ, भिजवलेले पेपर, आणि आई ओरडतेय, "चपात्या कुठे लाटू मी, खंडाळ्यात?" मी सांधा मेन लाइनला चिकटवला. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. "तुझ्या घाटात सगळी मेली गो." आणि नखाने गोंद खरवडून सांधा सायडिंगला लावलात.

एक्झिबिशनच्या दिवशी मिस म्हणाल्या, ट्रॅक डोंगरात जाऊन संपतोय, हे राँग आहे. तुम्ही ड्युटीचा इस्त्री केलेला शर्ट घालून आला होतात. हात वरखाली करून समजवायला लागलात, पण मिसना मराठी येत नव्हतं. माझ्या मागे वर्गातल्या दोघीजणी हसल्या. तुम्ही माझ्याकडे वळलात, "सांग गो त्यांका." मला सगळं येत होतं, पप्पा. ग्रेडियंट, ब्रेक, रनअवे, सगळे शब्द. मी म्हटलं, "ही इज जस्ट सेइंग सॉरी, मिस." मिस हसून इट्स ओके म्हणाल्या, आणि मी तुमच्यासमोर सायडिंग उपटून टाकलं. सेकंड प्राइज मिळालं. परळवरून लालबागला चालत येताना तुम्ही एवढंच विचारलंत, "सॉरी कित्या म्हटलंस?" मी म्हटलं, तसं म्हणायचं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलंत. मी नववीत असताना तुम्ही गेलात, तोपर्यंत तो विषय आपण दोघांनीही काढला नाही.

आता नवीन मॉडेल केलंय, त्यात सायडिंग सगळ्यात आधी बसवलं. तो दगड टेबलावर ठेवणार आहे, लोकांनी खाचेत बोट घालून बघावं म्हणून. मराठीतच बोलणार आहे. दोरीला लटकलेल्या त्या माणसांची नावं कुठेच नाहीत, हे वाक्य मी आरशासमोर म्हणते तेव्हा माझा आवाज मस्त जड होतो, आणि लगेच स्वतःची लाज वाटते. तुमचं नाव, तुमचं काम, तुम्ही काय म्हणत होतात ते, सगळं मला माहीत होतं. तरी मी दुसरंच सांगितलं. काल हे पहिल्यांदा आईला सांगितलं. ती म्हणाली, घरातलं घरात ठेव. हे पत्र पाठवणार कुठे, म्हणून मॉडेलच्या डोंगराखाली पोकळ जागा आहे तिथे सरकवून ठेवते. रविवारी सायडिंगशी आले की सगळ्यांसमोर सांगून टाकू का, की त्या दिवशी तुम्ही सॉरी म्हणालाच नव्हतात? तुम्हाला काय वाटतं, पप्पा?