रेघ एकदाच

१४ मार्च

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. इकडे आई आणि मी मजेत आहोत. हाताची थरथर कमी झाली का? डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, आणि तुम्ही ताईकडे गेल्या गेल्या तिच्या कपाटाची काच बदलायला निघालात, हे तिने फोनवर सगळं सांगितलंय. जावईबापूंनी हातातून पट्टी काढून घेतली म्हणे. बरं केलं.

दुकान रोज उघडते. फोटोफ्रेमच्या काचा, दोन आरसे, शाळेच्या खिडक्यांची पुट्टी, अशी किरकोळ कामं चालू आहेत. आईने टेबलावरचं ब्लँकेट झटकलं तर त्यातून इतका चुरा निघाला, की ती म्हणाली, "यात तुझ्या बापाची अर्धी हयात आहे." मग कोपऱ्यात जाऊन बराच वेळ झाडत बसली.

प्लायवूडवाले शेजारी आपल्या काच कापायच्या टेबलाचं माप घ्यायला आले होते. टेबल त्यांना द्यायचं तुमचं आणि त्यांचं सगळं ठरलंय म्हणत होते. मी त्यांना चहा दिला. ते गेले. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी बेकरीची बातमी. कोणाची तरी हातगाडी उतारावरून सुटली आणि थेट बेकरीच्या दर्शनी काचेत घुसली. बेकरीवाल्या मावशी पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "तुझ्या बाबांना बोलाव!" मी म्हटलं, बाबा गावाला गेलेत, माप मी घेते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. काच माझ्यापेक्षा उंच होती, हे मलाही दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, दुसरीकडे पाठवायचं होतं. मनात आलं होतं. पण तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "मग काय, तुमचं दुकान बंदच झालं म्हणायचं," आणि माझं डोकं सटकलं. माझ्या नाकावरच्या रागाला औषध नाही, हे तुम्हीच म्हणता. हा राग कोणाकडून आला, ते आईला विचारा.

माप घेऊन आले आणि दुकानातली मोठी काच टेबलावर घेतली. आई एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. आधी रद्दी तुकड्यावर चाकाचं कटर फिरवून पाहिलं. मध्येच रेघ तुटायची, चाकाचा टवका उडाला होता. एवढ्या काचेवर तो जुगार कोण खेळणार?

मग मी तुमचा खण उघडला.

हो, तुमचं हिऱ्याच्या टोकाचं कटर, तुमची हिरकणी काढली. लहानपणापासून ऐकत आलेय, की हिरकणीचा हिरा एकाच हाताच्या कलाने झिजतो, मग दुसऱ्या कोणाला दाद देत नाही. तुम्ही ती तुमच्या भावालाही कधी दिली नाहीत. मला तर नुसती पुसायला मिळायची. रद्दी तुकड्यावर पहिल्यांदा ओढली, तर काच गप्प. दुसऱ्यांदा नुसता पांढरा ओरखडा. मावशींनी आईकडे पाहिलं आणि आईने छताकडे.

तेव्हा मी डोळे मिटले. बाबा, तुम्हाला तो खोका आठवतो? मी त्याच्यावर उभी असायचे, तुमचा तळवा माझ्या हातावर, कटरच्या चाकाला लावलेल्या रॉकेलचा वास. तुम्ही मला बघू द्यायचा नाहीत, ऐकायला लावायचात. "कुरकुरली तर हात जड झालाय. गप्प बसली तर तू घाबरलीयस. सुरात बोलली की समज, जमलं." मी मनगट थोडं आत वळवलं, तुम्ही दाबून वळवायचात तसं, आणि तुकड्यावर पुन्हा ओढली.

काच बोलली.

मग मोठ्या काचेवर पट्टी लावली. मावशींना म्हटलं, "आता एक शब्द नको." त्या खरंच गप्प राहिल्या, हीसुद्धा बातमीच आहे. वरपासून खालपर्यंत एकच सूर, कुठे खंड नाही. रेघेखाली काडी सरकवली, दोन्हीकडून दाबलं आणि टक! एक घाव दोन तुकडे. कडेवरून बोट फिरवावं इतकी साफ. आई म्हणाली, "अगं, हे तर त्यांचंच मनगट!" बाबा, अंगावर मूठभर मांस चढलं. मी रडले नाही. मावशी रडल्या, आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसून आणखीच रडल्या.

आता काच बसली आहे. लोक थांबून आत बघतात. पाव बघत असतील, पण मी काच बघतात असं धरून चालते.

आता प्लायवूडवाल्यांचं. मी त्यांना सांगितलं, "टेबल जाणार नाही." तुम्हाला न विचारता सांगितलं. तुम्ही दुकान का मिटवताय, ते मला माहीत आहे. हात थरथरतो एवढंच कारण नाही. तुमच्या तळव्यावरचा तो लांब वण तुम्हाला माझ्या हातावर नकोय. आईजवळ बोललात ते मी ऐकलं होतं. पण बाबा, माझे हात एकदा नीट बघा. एकच वण आहे, तोही कांदा चिरतानाचा. काचेचा एकही नाही. इतकी वर्षं काचेत वावरून एकही नाही. असं शिकवणारा माणूस मला दुसरा दाखवा.

म्हणून विचारते. हे दुकान मला चालवायला द्या. तुम्ही खुर्चीत बसा, डोळे मिटा आणि नुसतं ऐका. सूर चुकला तर ओरडा.

हे मी पुन्हा विचारणार नाही. रेघ एकदाच, दुसऱ्यांदा फिरवली की काच हट्टाला पेटते, हे तुमचंच शिकवणं. आणि रेघ मारून काच तशीच ठेवायची नसते, हेही तुमचंच. तेव्हा उत्तर लगेच द्या.

ताईला आणि जावईबापूंना नमस्कार. हिरकणी खणात परत ठेवलेली नाही. पुसून माझ्या खिशात ठेवली आहे. हवी असेल तर येऊन मागा.

तुमच्या हाताखालची,
कपची