डेमियनचं दहावं वर्ष

३ मे २००९, रविवार

आजही जेवताना कराराचं कुणी बोललं नाही. नियमच आहे तसा, माझ्या नवऱ्याने, बर्नार्डने घातलेला. तो गावच्या रग्बी क्लबचा अध्यक्ष, डेमियन क्लबचा कप्तान, आणि वर आमचा जावई. 'जे काय बोलायचं ते स्टॉटने माझ्या ऑफिसात येऊन बोलावं. माझ्या घरात ग्रेव्हीवर वाटाघाटी नकोत.' स्टॉट म्हणजे डेमियनचा एजंट. लीड्सचा. टोकदार बूट घालतो.

मे उजाडला की ज्यांचा करार यंदा संपतोय त्यांच्याशी इतर क्लबना उघड बोलता येतं. म्हणून आज दोघंही फक्त बटाट्यांबद्दल बोलत होते. बर्नार्ड म्हणाला, छान भाजलेत. डेमियन म्हणाला, हो, छान भाजलेत. थोड्या वेळाने बर्नार्ड पुन्हा तेच. शेवटी ओर्लानेच विचारलं — आठ वर्षांची नात आमची, तिला कसले नियम — 'आजोबा, तुम्ही बाबाला काढून टाकणार?'

सगळ्यांचे काटे ताटातच थांबले.

'ओर्ला, तो पुदिन्याचा सॉस इकडे दे बघू,' बर्नार्ड म्हणाला.

आमची लेक क्लेअर हसली. एकटीच.

५ मे

दक्षिण फ्रान्समधल्या एका क्लबने डेमियनला विचारलंय. दोन वर्षं, समुद्राजवळ घर, ओर्लाला शाळा. क्लेअरने फोनवर हवामान सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, 'मग?' तर म्हणाली, 'मग काय. बाबा काय देतात ते बघायचं.'

फोन ठेवला आणि भांडी तशीच टाकून चर्चमध्ये गेले. मेणबत्ती लावली. शाळेत सिस्टर असम्प्टा सांगायच्या, स्वतःसाठी मागू नका मुलींनो, दुसऱ्यासाठी मागा. मी डेमियनचा करार मागितला. खरं मागणं काय होतं ते देवाला कळलं असेल. एकच लेक आहे मला. दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्या स्वयंपाकघरातला दिवा आमच्या जिन्यावरून दिसतो.

१७ मे, रविवार

सामना जिंकलो. पण डेमियनकडे बघवेना. पूर्वी तो टॅकल होऊन पडायचा आणि पडला म्हणेपर्यंत उठून चेंडू टाचेने मागे सरकवलेला असायचा. आता उठताना एक श्वास जास्त लागतो. मागच्या रांगेतून म्हातारा एडगर ओरडलाच, 'ऊठ रे डेमो, पलंग घरी आहे!' लोक हसले. डेमियनही हसला असेल, सवय आहे त्याला. क्लेअरच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती मैदानाकडे बघतच नव्हती, टेकडीकडे बघत होती.

घरी आल्यावर मी बर्नार्डला विचारलं. टेबल आवरून झालं होतं, म्हणजे नियम मोडला नाही.

'एक वर्ष,' तो म्हणाला. 'कमिटी त्याच्यापुढे जाणार नाही. विन, तेहतीस वर्षांचा माणूस, धडका खाणाऱ्या पुढच्या फळीतला. त्याला दोन वर्षं कोण देतं?'

'फ्रेंच देतात.'

'फ्रेंच गोगलगाई खातात.'

जावयासाठी जास्त मागितलं तर गाव काय म्हणेल, ही त्याची एक भीती. आणि दुसरी मला ठाऊक आहे. तो खेळायचा तेव्हा त्याला स्वतःला क्लबने कसं सोडलं ते. कुणी काही बोललंच नव्हतं. नव्या हंगामाची सरावाची जाकिटं आली, सगळ्यांची मापं आधी घेतलेली, आणि याचं माप घ्यायला कुणी आलंच नव्हतं. तरी हा दाराशी उभा, एखादं जाकीट उरेल म्हणून. घरी येऊन बाग खणत बसला. काही लावलं नाही, नुसती खणली. नऊ वर्षं खेळला होता त्यांच्यासाठी.

तेव्हाची क्लेअर आठवते. अंगणात चिखलात बसून ती बापाला मदत करत होती. चमच्याने.

२ जून

स्टॉट घरी येऊन गेला. बर्नार्डने चहा दिला. बिस्किट दिलं नाही.

१४ जून, रविवार

फ्रान्सवाल्यांना महिन्याभरात उत्तर हवंय.

जेवणानंतर क्लेअर माझ्याबरोबर भांडी पुसत होती. एकदम म्हणाली, 'आई, तुझं कॉन्व्हेंटमधलं फ्रेंच शिल्लक आहे का गं?'

'प्रार्थनेपुरतं.'

'तेवढं तरी शिकव मला.'

मी विषय बदलला. किती तयारी करतेय पोर मनाची. गेल्या आठवड्यात घरातली कपाटं उपसली, अर्धे कपडे चर्चच्या विक्रीला दिले. विचारलं तर म्हणे, साठत जातं. मला ठाऊक आहे असं कधी होतं ते. आई गेली तेव्हा मीही अशीच कपाटं उपसत होते. हाताला काम हवं असतं.

तिच्यासाठी काहीतरी करायलाच हवं.

२२ जून

आज बर्नार्ड मागच्या दारात बूट पॉलिश करत बसला होता. मी शेजारी पायरीवर बसले. दहावीस वर्षांत बसले नव्हते तशी.

म्हटलं, 'पुढचं वर्ष डेमियनचं दहावं.'

'माहीत आहे.'

'दहा पूर्ण झाली की गौरववर्ष.'

ब्रश थांबला. एकाच क्लबला दहा वर्षं दिली की त्या खेळाडूच्या नावाचं एक वर्ष असतं आमच्याकडे. त्याच्यासाठी खास सामना, जेवणं, पबमध्ये गाणी, शाळेतल्या पोरांनी विकलेली तिकिटं. जे जमेल ते त्याचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो मग गावाचा होतो. मेल्यावरही त्याचं नाव घेतात.

'म्हणजे एक वर्ष देऊन भागणार नाही,' मी म्हटलं. 'दोन द्यावी लागतील. दहावं आणि त्याच्या पुढचं. पगार थोडा कमी द्या. गौरववर्षाला कमिटीच्या खिशातून काही जात नाही. गाव देतं ते.'

'डेमियन नाही म्हणू शकेल?' मी विचारलं.

'नाही,' तो म्हणाला. 'कुणीच नाही म्हणू शकणार नाही गं.'

मग त्याने तोच बूट पुन्हा पॉलिश केला.

२६ जून

कमिटी तयार. एडगरचा भाऊसुद्धा, जो चहाच्या पिशव्यांवरूनही वाद घालतो.

५ जुलै, रविवार

सही झाली!

काल ऑफिसात स्टॉट कागद चाळत 'आम्ही कळवतो' म्हणत होता, आणि डेमियनने उठून बर्नार्डचा हात हातात घेतलासुद्धा. आज टेबलावर त्याने स्वतःच सांगितलं. 'विनी, तुम्हाला सांगतो, स्टॉटचं तोंड बघायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, तू काय ते वाच, मी हो म्हणून बसलोय.' एवढा मोठा माणूस, खेळात मार खाऊन खाऊन कानांची फुलकोबी झालेली, आणि पोरासारखा लाल झाला होता. बर्नार्डने नियम मोडू दिला म्हणून स्वतःलाच दंड लावला आणि शेरी काढली. डोळे पुसले. ग्रेव्ही गरम आहे म्हणाला.

ओर्लाने विचारलं, 'मग समुद्र?'

'समुद्र स्कारबरोलाही आहे की,' डेमियन म्हणाला.

'तो गार असतो.'

क्लेअर अजून ग्रेव्ही आणते म्हणून आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता. मी आत गेले नाही. आनंदाने रडायचं तर एकटीला रडू द्यावं. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता, हात रिकामे. मला ती लहानपणची दिसली. सामना संपल्यावर बापाच्या चिखलाच्या जर्सीत गुंडाळून घरी आणायचो तिला, झोपलेली.

संध्याकाळी पुन्हा चर्चमध्ये गेले. यावेळी आभार मानायला.

७ जुलै

जिन्यावरून दिवा दिसला. उगाच थांबून बघितला.

११ जुलै

क्लेअर आली होती. बसली नाही. फ्रान्समधल्या एका शाळेत तिला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली आहे. मार्चमध्येच तिने स्वतः अर्ज केला होता, डेमियनला कुणी विचारायच्याही आधी. ऑगस्टअखेर ती आणि ओर्ला जातील. डेमियन इथे राहील आणि त्याची दोन वर्षं खेळेल. पुढचं पुढे बघू म्हणाली.

'जन्मल्यापासून माझा प्रत्येक रविवार कुणाच्या तरी गुडघ्यावर अवलंबून, आई. आधी बाबांच्या, मग याच्या. तुला काय हवंय, असं एकाने तरी विचारलं का? त्याने इथे राहायचं नक्की केलं तेसुद्धा सही झाल्यावर कळलं मला.' आवाज चढवला नाही तिने.

दारापर्यंत गेली आणि वळली. 'ते गौरववर्षाचं कुणाच्या डोक्यातून निघालं?'

मी म्हणाले, 'तुझ्या बाबांच्या.'