चांदमारीवरची मडकी

२ खुर्दाद १३५० फसली, उदगीर, निजामी मुलूख.
वडिलांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर व्हायची आहे. अट एकच. महिनाअखेर तालुकदारसाहेबांसमोर चांदमारीवर एक मडकं फोडायचं, नाहीतर बंदूक कचेरीत जमा. हॅ! मडकं ते काय! बंदूक कुठल्या खुंटीवर टांगायची ते बायकोला, गोदावरीला, नळीनंच दाखवलं. ती किंचाळून न्हाणीत पळाली. बायकांना शस्त्रातलं कळत नाही.

५ खुर्दाद, सकाळ.
शिकवायला पेन्शनर जमादार महादेवप्पा. त्याचे कायदे: बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजा. नळी माणसाकडं न्यायची न्हाई. चापावर बोट अगदी शेवटी. बार उडाला नाही तर तीस मोजेपर्यंत नळी मातीच्या बांधाकडंच. कानात कापूस. मी म्हणालो, शिकारीला निघालो का बाळंतपणाला? जमादार हसला नाही. डिसिप्लिननं माणूस वाळतो.

८ खुर्दाद.
शेजारचा संगप्पा बांधाआडच्या खड्ड्यात बसून मडकी मांडतो. जिवाला जीव देणारा दोस्त. जमादारानं हिरवं निशाण खाली केलं की मी चाप ओढायचा. पहिल्याच बाराला मडकं फुटलं! डोळे मिटले होते, पण ते कुणी पाहिलं नाही.

१५ खुर्दाद.
सहापैकी सहा. रक्तातच आहे. बंदूक जमादारच भरून देतो, माझा मान म्हणून. उद्यापासून कायदे रोज पाठ करणार.

१६ खुर्दाद.
कायदे राहिले. नेम असल्यावर कायदे कशाला?

२७ खुर्दाद, दुपार.
शामियाना, तालुकदारसाहेब, अख्खं गाव. निशाण खाली झालं. चाप ओढला. बंदुकीच्या घोड्याखालची टोपी नुसती टिक् वाजली. बार नाही. आणि मडकं फुटलं!

बांधावर संगप्पाची काठी दिसत होती. कानात कापूस घालून बसलेला. बार उडाला का नाही हे त्याला कळणार कसं? निशाण बघून हाणली काठी. म्हणजे आधीची सगळीही त्यानंच! गद्दार!

जाब विचारायला गर्रकन जमादाराकडं वळलो. नळीही वळली. साहेब खुर्चीखाली. जमादारानं नळी वर उडवली आणि तेव्हा बार झाला. धूर झाला, पण शामियान्याला भोक नाही.

साहेबांनी खुर्चीखालूनच विचारलं, गोळी कुठाय? जमादार अटेन्शनमध्ये उभा राहून म्हणाला, सरकार, एकदाही घातली न्हाई, नुसती दारू. गोदावरीबाईंनी हात जोडले होते. सासऱ्यांची बंदूक घरात ऱ्हावी, पण ह्यांच्या हातून माणूस मरू नये, म्हणाल्या.

म्हणजे बायकोसुद्धा! साहेब म्हणाले, वळला नसता तर हसून सही केली असती.

२८ खुर्दाद.
बंदूक जमा. संगप्पा दारात येऊन रडला. कडी लावून घेतली. गोदावरीशी अबोला. जेवलो मात्र, वांग्याची भाजी होती.

२९ खुर्दाद.
वडिलांच्या बंदुकीच्या खुंटीवर गोदावरीनं माझी छत्री टांगलीय. खुंटीकडं बघवत नाही. कचेरीला निघताना छत्री काढली तर गोदावरी सरकून भिंतीला चिकटली. म्हणाली, टोक खाली धरा. मी चिडून अबोला मोडला. म्हणालो, छत्री आहे, बंदूक न्हाई.
गल्लीच्या वळणावर कुणी नाही असं बघून छत्री उघडून पाहिली. रिकामीच होती.