त्रिकोणावर काट

२ डिसेंबर, सकाळ
ही आजपासून दहा दिवस बहिणीकडे. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. जाताना दारातून म्हणाली, कपडे साठू द्या, मी आल्यावर बघीन. आणि कपाटातलं काही काढू नका. बावीस वर्षांच्या संसारानंतर हा विश्वास.
निश्चय: ती येईल तेव्हा घरात एकही मळका कपडा दिसता कामा नये.

२ डिसेंबर, दुपार
शर्टाच्या आतलं लेबल भिंगातून पाहिलं. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन. हसू आलं. अठरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी वाहतुकीची चिन्हंच शिकवतोय. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही.
त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना. वर्तुळ म्हणजे हुकूम. चौकोन म्हणजे माहिती. झालं.

४ डिसेंबर
पहिली फेरी, सतरा कपडे. लेबलवर टबाच्या चित्रात ३० लिहिलंय. वेगमर्यादा. मशीनवर सगळ्यात कमी वेग ४००. बनवणाऱ्यांनाच शिस्त नाही, आपण काय करणार.
पाणी कडकडीत घेतलं. त्याबद्दल कुठे काही सूचना नव्हती.

५ डिसेंबर
मुलगी घरी विसरून गेलेला हिरवा टॉप आता ठिकठिकाणी पांढरा आहे. त्यावर त्रिकोण होता आणि त्रिकोणावर काट. धोका रद्द. म्हणून निर्धास्तपणे ब्लीच ओतलं.
होस्टेलवरून तिचा फोन. म्हणाली, बाबा, त्रिकोण म्हणजेच ब्लीच, काट म्हणजे घालायचं नाही. नेटवर सगळे अर्थ आहेत, एकदा बघा ना. मी विचारलं, तुला गाडी कोणी शिकवली? तिने फोन ठेवला. पटलं असावं.

७ डिसेंबर
कामावरची पँट पोटरीपर्यंत येते. कापडच हलकं.
कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडे इस्त्रीला दिली. त्याने विचारलं, धाकट्याची का? मला धाकटा नाही. मग म्हणाला, साहेब, पुढच्या वेळी लेबल मला दाखवत चला. शिवाय नाचता येईना अंगण वाकडं, असंही काहीतरी पुटपुटला. कोणाबद्दल, ते विचारलं नाही.

९ डिसेंबर
आठ दिवस राबून हिला कौतुकाने दाखवावं असं हाताशी काही नाही. चांगल्या गोष्टीसाठी नियमाला अपवाद असतो. कपाट उघडलं.
वरच्या कप्प्यात सासऱ्यांचा राखाडी स्वेटर. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. ही तो घालत नाही. अधूनमधून काढते, तोंडाशी धरून उभी राहते, घडी घालून परत ठेवते. मी हुंगून पाहिला. तपकीर आणि दाढीचा साबण. चार वर्षं हा वास तसाच. बिचारीला धुवायला सवडच मिळाली नसणार.
सासरे मला फार आवडायचे. त्यांच्यासाठी एवढं तर करायलाच हवं.
लेबल दोनदा वाचलं. टबात हात: पोलिसाचा हात, म्हणजे थांबा. भिजवून थांबलो, गरम पाण्यात तीन तास. त्रिकोणावर काट आहे, पण मुलीचं मन राखायला ब्लीच घातलं नाही. चौकोनात आडवी रेघ: ही दोरी. दोरीवर वाळत घातला.

१० डिसेंबर
स्वेटर वाळला. अंग आखडलंय, बाह्या लांबल्यात. लोकर दाट झाल्याने जास्त ऊब देईल.
वास मात्र साफ गेला. नाक खुपसून बघितलं, नुसती साबणाची पावडर. मन लावून केलेलं काम असं असतं.

१२ डिसेंबर, दुपार
ही आली. टॉप बघितला, पँट बघितली, हसली. म्हणाली, मशीन शाबूत आहे ना, मग पुष्कळ झालं. एकूण प्रतिसाद चांगला.
मग मी स्वेटर पुढे केला.
तिने तो तोंडाशी धरला. बराच वेळ. खाटेवर बसली. विचारलं, धुतलात? मी सांगितलं, दोनदा पावडर घालून. शिवाय आखडल्याबद्दल माफी मागितली, भरून देतो म्हणालो. ती म्हणाली, आकाराचं काही नाही हो. मी तो मुद्दाम धुतला नव्हता. बाबांचं तेवढंच उरलं होतं.
मग घडी घालून तो वरच्या कप्प्यात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ सुरू होता.

१२ डिसेंबर, संध्याकाळ
लेबल पुन्हा वाचलं. भिंग घेऊन, दोन्ही बाजूंनी.
तसं काही त्यावर नव्हतं.