थोरल्याची खाट खालच्या हॉलमध्ये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, सोफे आणि गाद्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेली आणि गल्लीत ‘सोफेवाली आत्या’ म्हणून ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. सकाळपासून पोटात चहा गेला आहे, बाकी काही नाही. आमच्या घरात हे सांगावे लागते.

मी लग्न केले नाही. भाऊ आणि वहिनी लवकर गेल्यामुळे त्यांची दोन्ही मुले मी वाढवली. थोरला मोठ्या कंपनीत साहेब आहे. धाकटा टेम्पोवर हमाली करायचा, आता माझ्या दुकानात असतो. दोघेही दारूच्या नादी लागले, पण बोभाटा एकाचाच झाला. म्हणून हा कागद जरा लांबणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, “आत्या, एवढं सगळं लिहायची गरज नाही हो.” मी म्हटलं, “फी मी देतेय ना? मग लिहा गुमान.”

कलम एक. दुकान, शिलाई मशीन, कात्र्या, वाकड्या सुया आणि वरच्या दोन खोल्या धाकट्याला, बिनशर्त. थोरल्याचे म्हणणे, “त्याच्या हातात काही देऊ नकोस, विकून पिऊन टाकेल.” धाकट्याने बाटली सोडली त्याला तीन वर्षे होऊन गेली, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही. तो प्यायचा तेव्हा एक दिवस कामावर गेला नाही, तर मुकादमाने हाकलून दिले. रस्त्याच्या कडेला पडला, तर बघायला गर्दी जमली. त्याच वर्षी थोरला आठवडाभर ऑफिसला गेला नाही, तर घरी फुलांचा गुच्छ आला: ‘कामाच्या ताणातून लवकर बरे व्हा.’ थोरला गालिच्यावर पडतो आणि ड्रायव्हर उचलतो. पगार वाढत गेला तसतसे लोकही मवाळ झाले. आधी ‘कधीतरी घेतो’, मग ‘पार्टीपुरती’, आता ‘त्याला त्यातलं कळतं’. धाकटा मात्र पहिल्या दिवसापासून बेवडा. वा रे न्याय!

कलम दोन. माझ्या सोन्याच्या बांगड्या सूनबाईला, म्हणजे थोरल्याच्या बायकोला. मी पुष्कळ घरांचे सोफे उसवले आहेत. लहान घरांत चिल्लर आणि पेन्सिली निघतात. मोठ्या घरांत चपट्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. म्हणजे गरीब पीत नाहीत असे मुळीच नाही. त्यांच्याकडे लपवायला सोफा नसतो, एवढेच. सूनबाईच्या सोफ्यातून बाटल्या निघाल्या तेव्हा ती म्हणाली, “जुन्या असतील, आत्या.” अगं, वास काय मला कळत नाही? पण तुझ्यावर माझा राग नाही. झाकून झाकून तू पार थकलीस. बांगड्या घाल आणि ‘त्यांना ताप आहे’ असे ऑफिसला कळवणे बंद कर.

कलम तीन. बँकेतली मुदत ठेव थोरल्याला, पण अटीवर.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या खुर्च्या मीच मढवल्या, त्यामुळे तिथले सगळे मला ठाऊक आहे. खाली मोठा हॉल, त्यात ओळीने खाटा. वर स्वतंत्र खोल्या, आणि दारावर पाटी ‘विश्रांती विभाग’. डॉक्टर तेच, गोळ्या त्याच. खाली भरती होताना घरच्या माणसाने सगळ्यांसमोर तोंडाने सांगावे लागते आणि मग पेशंटने स्वतः. थोरल्याने धाकट्यासाठी खणखणीत आवाजात सांगितले होते, “माझा भाऊ बेवडा आहे.” धाकटा मान खाली घालून उभा होता. वरच्या मजल्यावर हा नियम नाही, तिथे ‘थकवा’ लिहून घेतात. थोरला वर दोनदा राहून आला आणि ताजातवाना होऊन पुन्हा प्यायला बसला.

म्हणून अट अशी: त्याने खालच्या हॉलमध्ये भरती व्हावे, धाकट्याने सोबत जावे, आणि जे आहे ते थोरल्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे. ते जमले नाही, तर पैसे केंद्राला नव्या गाद्यांसाठी जातील. आत्ताच्या गाद्या लाजिरवाण्या आहेत.

थोरल्या, तुला या पैशांची गरज नाही, मला कळतं. तुझ्या बाटल्यांनाही ते पुरायचे नाहीत. पण तुला अडवायला माझ्या हातात दुसरं आहे काय? डॉक्टर सांगतात, तुझं लिव्हर माझ्याआधी जाईल. बहात्तर वर्षांच्या बाईने वारस नेमायचा आणि वारसानेच आधी जायचं? मला फार भीती वाटते रे.

कलम चार. माझ्या हयातीतच तो भरती झाला, तर हा कागद मी फाडीन आणि नवा करीन. वकीलबाईंनी दुसऱ्या फीची चिंता करू नये.

सही: (सोफेवाली आत्या)

साक्षीदार एक: आमचे डॉक्टर.
साक्षीदार दोन: थोरल्याचा ड्रायव्हर. “साहेबांना कळलं तर नोकरी जाईल,” असे म्हणत म्हणत सही केली.
ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: १७ जानेवारी, शुक्रवार.

ताजा कलम, साक्षीदार हजर असतानाच. वकीलबाई नको नको म्हणत असताना मी थोरल्याला फोन लावून कलम तीन वाचून दाखवले. तो भडकला. “आत्या, तू मला त्याच्या रांगेत बसवतेस?” मी म्हटलं, “एका ताटात जेवला आहात दोघं.” मला वाटलं, आता फोन आपटणार. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात थोरल्याने विचारलं, “खाली पंखा आहे का गं?”

“आहे,” मी म्हटलं. “आवाज करतो, पण आहे.”